जुन्या फियाटसाठी इटलीची वारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी १९५६ सालची फियाट ११०० आहे. मामंजींनी ती जुनीच विकत घेतली होती, आणि त्यांच्यानंतर तिची देखभाल यजमान आणि मी मिळून करतो. तिच्यासाठी आम्ही उभयता दोनदा इटलीला जाऊन आलो : ऑक्टोबर २०२३ मध्ये तुरीन आणि बोलोन्याला, आणि त्यापुढच्या सप्टेंबरमध्ये इमोलाला. तेव्हापासून जुन्या गाड्या बाळगणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. जेथे दोन प्रश्नांचा विषय एकमेकांत मिसळतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फियाटचे भाग कुर्ल्यात आणि चोर बाजारात मिळत असताना इटलीपर्यंत जाण्याची गरजच काय?

तुमच्याकडे पद्मिनी किंवा डिलाइट असेल, तर बहुतेक वेळा गरज नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने ११०० बनू लागली, साठच्या दशकात तिची डिलाइट झाली, आणि तीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट व पद्मिनी या नावांनी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. मुंबईच्या हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सी त्याच गाडीच्या होत्या, त्यामुळे तिचे भाग बनवणारे, साठवणारे आणि बसवणारे हात आपल्याकडे अजून आहेत.

अडचण आहे ती तिच्या आधीच्या गाडीची. पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली, गोल नाकाडाची, जिला आपल्याकडे सगळे डुक्कर फियाट म्हणतात ती १९५३ च्या घडणीची ११००. तिच्या इंजिनाचे बरेचसे काम पद्मिनीच्या भागांवर निभते. पण मागच्या दिव्याची काच, दाराच्या कडेचे रबर, क्रोमची पट्टी, दाराचे कुलूप या वस्तू गेल्या की गेल्या. इथल्या मेकॅनिकांनी गेल्या साठ वर्षांत त्या जागी जे मिळेल ते बसवले, आणि आता मूळ वस्तू कशी दिसत होती हेच कुणाला आठवत नाही. आम्ही गेलो ते प्रामुख्याने हे पाहण्यासाठी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपल्याची बातमी आम्ही बोलोन्यातच वाचली; त्या वेळी समोरच्या भिंतीला डुक्कर फियाटचे चार दरवाजे विक्रीसाठी टेकवून ठेवलेले होते.

२. इटलीत जुन्या गाड्या पाहण्यासाठी नेमके कोठे जावे?

प्रथम तुरीन. ११ जुलै १८९९ रोजी फियाटची स्थापना याच शहरात झाली. येथील राष्ट्रीय मोटार संग्रहालय कार्लो बिस्कारेत्ती दी रुफ्फिया यांच्या पुढाकाराने उभे राहिले, त्याची आजची इमारत १९६० सालची आहे आणि २०११ मध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा खुले झाले. दोनशेच्या घरात गाड्या असल्या तरी त्या इतक्या मोकळ्या अंतरावर मांडल्या आहेत की प्रत्येकीभोवती फिरून पाहता येते, आणि भाग शोधणाऱ्या माणसाला तेच हवे असते. फियाटचे स्वतःचे ऐतिहासिक दालन कंपनीच्या सुरुवातीच्या कारखान्याच्या आवारातील जुन्या इमारतीत आहे. मिराफियोरीच्या आवारातही कंपनीचा मोठा संग्रह ठेवलेला आहे. या दोन्ही ठिकाणी वाटेल तेव्हा जाता येत नाही, म्हणून दिवस व वेळ आगाऊ ठरवूनच जावे.

फियाटचा लिंगोत्तोचा जुना कारखाना मात्र चुकवू नये. १९२३ साली सुरू झालेल्या या पाच मजली कारखान्यात कच्चा माल तळमजल्यावर येत असे, गाडी मजल्यामागून मजला चढत तयार होत असे आणि पूर्ण झाली की गच्चीवरील धावपट्टीवर तिची चाचणी होत असे. आता खाली दुकाने आहेत आणि गच्चीवर बाग केली आहे, पण वर जाण्याचा चक्राकार उतार तसाच आहे. त्या उताराच्या काँक्रीटच्या फासळ्या खालून पाहताना यजमान कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत.

प्रत्यक्ष खरेदीसाठीची ठिकाणे वेगळी आहेत. ती प्रश्न ४ मध्ये दिली आहेत.

३. कोणत्या महिन्यात जावे आणि किती दिवस लागतात?

सप्टेंबर किंवा ऑक्टोबर. इमोलाचा बाजार सप्टेंबरमध्ये असतो, बोलोन्याचे मोठे प्रदर्शन ऑक्टोबरच्या अखेरीस. आम्हाला बारा दिवस पुरले, त्यांपैकी चार तुरीनला दिले. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे प्रवासी विमासंरक्षण लागते, आणि मुलाखतीची वेळ मिळण्यास बरेच आठवडे लागू शकतात, म्हणून आधी प्रदर्शनाची तारीख पाहावी आणि मग बाकी सारे ठरवावे.

४. ‘मोस्त्रा स्काम्बियो’ म्हणजे काय? तेथे खरेदी कशी होते?

शब्दशः अर्थ अदलाबदलीचे प्रदर्शन. आपल्याकडच्या जुन्या बाजारासारखाच हा प्रकार आहे, फक्त सारा बाजार गाड्या, दुचाक्या आणि त्यांच्या भागांचा. इमोला येथे तो मोटार शर्यतींच्या मार्गावरच भरतो. मिलानजवळ नोव्हेग्रो येथेही असा बाजार वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा भरतो. बोलोन्याचे प्रदर्शन याहून वेगळे आहे : तेथे झळाळत्या गाड्यांची दालने असतात, व्यापारी असतात, आणि भागांची दालने निराळी असतात. हे प्रदर्शन पूर्वी पादोव्हाला भरत असे, २०२३ पासून ते बोलोन्याला आले.

आमचा अनुभव असा की गाडी पाहायची तर बोलोन्या, भाग घ्यायचे तर इमोला. इमोलाला विक्रेते ताडपत्रीवर माल पसरून बसतात, आणि त्या ढिगात हात घालून वस्तू काढून पाहण्यास कोणी हरकत घेत नाही. सकाळी दार उघडताच आत जावे. चांगल्या वस्तू पहिल्या दोन तासांत जातात, आणि त्या बहुधा शेजारचा दुसरा विक्रेताच उचलतो. शेवटच्या दिवशी दुपारनंतर भाव उतरतात हे खरे, पण तेव्हा तुम्हाला हवी असलेली वस्तू तेथे असण्याची आशा फार धरू नये.

जाताना आपल्या गाडीवरील तुटका भाग बरोबर न्यावा. तो नेता येत नसेल तर कागदावर त्याची खऱ्या आकाराची रेघ काढून न्यावी. आम्ही मागच्या दिव्याच्या तळाचा आकार पुठ्ठ्यावर कापून नेला होता. तो पुठ्ठा दाखवताच एका वृद्ध विक्रेत्याने एक शब्द न बोलता टेबलाखालची बिस्किटांची पत्र्याची पेटी वर काढली, तिच्यातील वर्तमानपत्राची पुडी सोडली आणि काच पुठ्ठ्यावर ठेवली. ती कडेला कड मिळून बसली.

५. इटालियन भाषा येत नसेल तर अडते का?

संग्रहालयांत अडत नाही, बाजारात अडते. मी जाण्यापूर्वी सहा महिने रोज थोडे शिकले, त्यांतले सर्वाधिक उपयोगी पडले ते आकडे. ‘रिकाम्बी’ म्हणजे सुटे भाग, ‘देमोलितोरे’ म्हणजे गाड्या मोडीत काढणारा, ‘त्रात्ताबिले’ लिहिलेले असेल तर घासाघीस चालते. फियाट ११०० ला तेथे नुसते ‘अकराशे’ म्हणतात. त्यासाठीचा इटालियन शब्द ‘मिल्लेचेंतो’, आणि तेच तिचे नाव. हा शब्द उच्चारून भारतातल्या गाडीचे छायाचित्र दाखवले की वयस्कर माणसे खुर्ची पुढे करतात, कारण पुष्कळांच्या वडिलांची पहिली गाडी तीच होती.

६. दोघांनी जाण्याचा काही विशेष उपयोग होतो का?

होतो, पण कामे आधी वाटून घेतली तरच. आमच्यात गाडीखाली मी शिरते. टॉर्च, लहान आरसा, लोहचुंबक आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याची पट्टी, माझ्या पिशवीत असतात. यजमानांनी सारी नोकरी बँकेत केली, त्यामुळे कागद, क्रमांक आणि भाव त्यांच्याकडे. आम्ही एक नियम केला आहे : दोघांनीही ‘हो’ म्हटल्याखेरीज पैसे द्यायचे नाहीत. हा नियम एकदाच मोडला, आणि त्याची हकिकत प्रश्न ९ मध्ये आहे.

७. तेथे जुनी गाडी पाहताना काय तपासता?

सर्वप्रथम पत्रा. ११०० ला स्वतंत्र चौकट नाही, सांगाडा आणि पत्रा एकच आहे, म्हणून खालचा पत्रा गेला की गाडीची ताकदच जाते. दारांखालच्या पोकळ पट्ट्या, जॅक लावण्याच्या जागा, डिकीत स्टेपनी ठेवण्याचा खळगा आणि पायांखालच्या चटईच्या आतली जमीन पाहावी. उत्तर इटलीत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिकडच्या गाड्या खालून गंजतात. दक्षिणेकडच्या गाड्यांचा रंग उन्हाने उडालेला असतो, पण पत्रा बरा सापडतो. मला विचाराल तर रंग उडालेली गाडी केव्हाही पत्करावी. लोहचुंबक चिकटत नसेल तेथे पुट्टी आहे असे समजावे.

मूळपणा पाहायचा तर लहान वस्तूंवर नजर ठेवावी. उदाहरणार्थ, ‘टीव्ही’, म्हणजे ‘तुरिस्मो व्हेलोचे’, या वेगवान प्रकारात समोरच्या जाळीच्या मधोमध तिसरा दिवा असे. साध्या गाडीला तशी जाळी बसवून भाव वाढवलेला आम्ही पाहिला आहे, आणि उलट टीव्हीची जाळी साध्या गाडीची म्हणून मांडलेलीही.

८. इटालियन गाडीचे कोणते कागद पाहावेत? काळ्या पाट्यांचे एवढे महत्त्व का?

तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली ‘लिब्रेत्तो’, म्हणजे गाडीची नोंदपुस्तिका. तिच्यातील सांगाडा क्रमांक गाडीवरील ठोकलेल्या क्रमांकाशी अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. दुसरी म्हणजे १९२७ पासून चालत आलेल्या सार्वजनिक मोटार नोंदवहीतील मालकीचा उतारा. तिसरी म्हणजे गाडी ‘रादियाता’ तर नाही ना, अर्थात नोंदवहीतून काढून टाकलेली तर नाही ना. वर्षानुवर्षे कर भरला नाही म्हणून कार्यालयाने परस्पर काढलेल्या गाड्या बऱ्याच असतात. त्या पुन्हा नोंदवता येतात, पण त्यासाठी वेळ व पैसा लागतो, आणि विक्रेता हे शेवटी सांगतो.

इटलीत १९८५ पर्यंत काळ्या पाट्या होत्या आणि पाटीवर जिल्ह्याची अक्षरे असत. तुरीनसाठी ‘टीओ’, बोलोन्यासाठी ‘बीओ’. मूळ काळी पाटी टिकली असेल तर गाडीची पहिल्यापासूनची नोंद अखंड असण्याचा तो दृश्य पुरावा ठरतो, म्हणून अशा गाडीला अधिक भाव मिळतो.

९. आमची १९६८ ची डिलाइट आहे. इटलीतल्या ११०० डी चे पिस्टन तिला बसतील का?

बसणार नाहीत, आणि येथे जवळजवळ प्रत्येकाची फसगत होते. इटलीत १९६२ साली आलेल्या ११०० डी चे इंजिन १२२१ सीसीचे होते. भारतात मात्र डिलाइटपासून पद्मिनीपर्यंत जुने १०८९ सीसीचे इंजिनच चालू राहिले. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ७५ मिलिमीटर आहे, पण बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, इटालियन डी ला ७२ आणि आपल्याकडे ६८ मिलिमीटर. बाहेरून गाड्या सारख्या दिसतात, खोक्यावर दोन्हीकडे ‘११००’ छापलेले असते, आणि नेहमीचे ओव्हरसाइज पिस्टन एखाद्या मिलिमीटरच्या मर्यादेतले असल्यामुळे चार मिलिमीटरचा फरक बोअर करून भरून काढण्याचा विचारही करू नये.

इमोलाला पहिल्याच दिवशी मला न उघडलेल्या खोक्यातील चार पिस्टन दिसले. यजमान दुसऱ्या रांगेत होते. मी त्यांची वाट न पाहता पैसे दिले. रात्री खोलीवर व्हर्नियर लावला तेव्हा ७२ चा आकडा आला. चूक सर्वस्वी माझी होती, कारण व्हर्नियर दिवसभर माझ्याच पिशवीत होता. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याने ते परत घेऊन त्या किमतीच्या दाराच्या मुठी दिल्या, हा त्याचा चांगुलपणा. इटलीत पिस्टन घ्यायचेच असतील, तर १९६२ च्या आधीच्या १०८९ सीसी गाडीचे मागावेत आणि मोजल्याशिवाय घेऊ नयेत.

१०. तिकडच्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते. मग कोणते भाग आपल्याला चालतात?

काचा, मागचे दिवे, दारांच्या मुठी, काच चढवण्याची हँडले, क्रोमच्या पट्ट्या, बोधचिन्हे आणि रबर चालतात. डॅशबोर्ड, स्टिअरिंग बॉक्स, स्टिअरिंगवरच्या गिअरची जोडणी, पेडलांची मांडणी आणि वायपरची यंत्रणा चालत नाही, कारण ती सारी आरशातल्यासारखी उलटी असते. वेगमापक बसतो, पण त्यावर किलोमीटर असतात. आमच्या गाडीत मैलांची तबकडी आहे, म्हणून आम्ही तो घेतला नाही. हेडलाइट घेताना विशेष सावध राहावे : उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनवलेल्या असमान झोताच्या काचा रस्त्याची उजवी कड उजळतात, आणि आपल्या रस्त्यावर तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

११. भाग विमानातून कसे आणावेत? कार्ब्युरेटर आणता येतो का?

जड व टोकदार वस्तू चेक-इन सामानातच द्याव्यात. कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप किंवा टाकी यांत इंधनाचा अंश किंवा वास राहिला असेल तर विमान कंपन्या ते धोकादायक माल समजतात आणि सामानातून काढून ठेवतात. न वापरलेला कार्ब्युरेटर मूळ खोक्यात मिळाला तरच आणावा. वापरलेला आणण्याचा आग्रह आम्ही सोडून दिला आहे. काच कपड्यांच्या मधोमध ठेवावी. साड्या याकामी फार चांगल्या.

१२. व्यवहार रोख करावा लागतो का?

ताडपत्रीवरच्या विक्रेत्याला रोखच हवे असते. भारतातून एका प्रवासात ३,००० अमेरिकी डॉलरच्या मोलापर्यंतचेच परकीय चलन नोटांच्या रूपात नेता येते, बाकीचे फॉरेक्स कार्डावर ठेवावे. इटलीत ५,००० युरो किंवा त्याहून अधिक रकमेचा व्यवहार रोखीने करण्यास कायद्याने मनाई आहे, त्यामुळे कोणी अख्खी गाडी रोखीत देऊ करत असेल तर तेथून निघावे.

१३. मुंबई विमानतळावर सीमाशुल्काचे काय?

स्वतःच्या गाडीसाठी आणलेले थोडे भाग असले तरी मर्यादेपेक्षा अधिक मोलाचे असल्यास लाल मार्गाने जाऊन जाहीर करावेत. विक्रेत्याकडून हाताने लिहिलेली का होईना, पावती घ्यावी, तिच्यावर वस्तूचे नाव व किंमत असावी. आम्ही आपल्या गाडीच्या नोंदणी पुस्तकाची प्रत आणि वस्तूंची यादी बरोबर ठेवतो. कुरियर किंवा पेटीने मोठा माल आणायचा असेल तर वापरलेल्या मालाच्या आयातीवर परवान्याचे बंधन आहे. त्यासाठी आधी कस्टम्स एजंटाचा सल्ला घ्यावा.

१४. अख्खी गाडीच भारतात आणता येईल का?

सामान्य नियमाने वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असेल तर आणता येत नाही. विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र सवलत आहे; तिच्यासाठी दीर्घकाळ १ जानेवारी १९५० पूर्वीची बनावट ही अट होती. ही सीमारेषा सरकारी अधिसूचनेने ठरते व बदलते, म्हणून विक्रेत्याला इसार देण्यापूर्वी परकीय व्यापार महासंचालनालयाची ताजी अधिसूचना स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये. शुल्क आणि कर मिळून गाडीच्या किमतीहून अधिक होतात, त्यावर जहाजाचे भाडे वेगळे. आम्ही हा हिशेब मांडून पाहिला आणि गाडी आणायची नाही असे ठरवले. त्या पैशांत घरची गाडी दोनदा उभी राहते.

१५. आणलीच, तर नोंदणी कशी होते?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये यासाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज मानली जाते. आयात गाडीसाठी विम्याबरोबर सीमाशुल्काचे बिल ऑफ एंट्री जोडावे लागते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व फेरनोंदणीचे ५,००० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षे चालते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच आणता येते.

१६. आम्हाला १९३७ सालची पहिली ११०० आवडली आहे. तिच्यासाठी वेगळे काही आहे का?

आहे, आणि हे विक्रेते क्वचितच सांगतात. इटलीच्या सांस्कृतिक वारसा कायद्यात पंचाहत्तर वर्षांहून जुनी वाहने येतात, त्यामुळे अशी गाडी देशाबाहेर नेण्यापूर्वी तेथील वारसा कार्यालयाची कागदोपत्री मोकळीक लागते. विक्रीच्या करारातच ‘निर्यात परवानगी मिळाल्यावर उर्वरित रक्कम’ असे कलम घालून घ्यावे. भारताच्या बाजूचे नियम प्रश्न १४ व १५ प्रमाणेच.

१७. मुलगा मिलानला नोकरीला आहे. त्याच्या नावावर गाडी घेऊन तेथेच ठेवली तर?

त्याचे तेथे अधिकृत वास्तव्य आणि कर क्रमांक असेल तर हा मार्ग सर्वांत सरळ आहे. तीस वर्षांहून जुन्या गाड्यांना तेथे वार्षिक मालकी कर माफ आहे. तपासणी मात्र दर दोन वर्षांनी करावी लागते, आणि शहरात बंदिस्त जागेचे भाडे गाडीच्या खर्चाहून भारी पडू शकते. गाडी वर्षभर उभी राहणार असेल तर मी हा सल्ला देणार नाही. ब्रेक जाम होतात, टाकीत गंज धरतो, आणि मुलाला सुटीच्या दिवशी वेगळेच काम लागते.

१८. तेथे भाड्याच्या गाडीने फिरावे का?

मोडीचे कारखाने गावाबाहेर असतात, म्हणून दोन-तीन दिवस गाडी घ्यावी लागते. आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय चालक परवाना काढावा, तो मूळ परवान्याबरोबरच ग्राह्य धरला जातो. जुन्या शहरांच्या मध्यभागी ‘झेड टी एल’ हा मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. त्याच्या तोंडाशी कॅमेरा असतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरच्या पत्त्यावर येते. गाडी बाहेर लावून बसने आत जावे.

१९. दोन फेऱ्यांत तुम्ही शेवटी काय आणले?

मागच्या दिव्याच्या दोन काचा, दाराच्या चार मुठी, बारा मीटर रबर, डिकीवरचे एक बोधचिन्ह आणि पुढच्या दाराचे एक कुलूप. याशिवाय तुरीनच्या संग्रहालयात आणि इमोलाच्या बाजारात घेतलेल्या मापांची एक वही : दाराच्या कडेपासून पट्टी किती अंतरावर आहे, रबराचा काप कसा आहे, स्क्रूचे डोके कोणते आहे. कोणाला आपल्या डुक्कर फियाटसाठी यांतले एखादे माप हवे असेल तर गाडीचे साल आणि सांगाडा क्रमांकाचा आरंभ कळवावा, त्या पानाचे छायाचित्र पाठवते. डाव्या मागच्या दाराचे कुलूप आम्ही अजून शोधत आहोत.